वेनराइटकृत डोंगर-ग्रंथ : एका छापील पोथीची चिकित्सा

बखरी, महजर, कैफियती व पोथ्या यांच्या चिकित्सेस वाहिलेल्या या त्रैमासिकांत इंग्लंडांतील डोंगरवाटांच्या एका मार्गदर्शिकेचें परीक्षण पाहून वाचकांस आश्चर्य वाटेल. मार्गदर्शिका हा ग्रंथप्रकार मुळीं अल्पायुषी. पंचांगाप्रमाणें वर्ष सरलें कीं त्याची किंमत सरते, आणि विद्वानांच्या कपाटांत त्याला सहसा जागा मिळत नाहीं. परंतु प्रस्तुत ग्रंथाची गोष्ट निराळी आहे. त्याचे भाग सात. ते १९५५ पासून १९६६ पर्यंत क्रमानें प्रसिद्ध झाले, आणि पहिल्यापासून सातव्यापर्यंत त्यांतील मजकुरासाठीं एकही खिळा जुळविलेला नाहीं. अक्षरें, नकाशे व चित्रें यांसह प्रत्येक पान एकाच माणसानें शाईनें स्वहस्तें लिहिलें, आणि त्या पानांवरून ठसे करून तें छापलें. म्हणजे ही छापखान्यांतून निघालेली पोथीच होय. पोथी म्हटली कीं लेखक कोण, शोधक कोण, मूळ पाठ कोणता व मागाहून घुसलेला कोणता, हे प्रश्न आलेच. या ग्रंथाच्या बाबतींत ते २००५ सालापासून खरोखरच उत्पन्न झाले आहेत. चालणाऱ्याच्या दृष्टीनें त्यांचा विचार करणारे पुष्कळ आहेत. पोथी वाचणाऱ्याच्या दृष्टीनें तो करून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु.

हे भाग माझ्या हातीं आले ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. तो लँकेशायरांत वैद्यकी करतो. त्यानें प्रथम जुन्या बाजारांतून पहिला, दुसरा व चौथा असे तीन भाग मिळवून पाठविले, आणि मागाहून त्यांच्याच शोधित आवृत्त्या पाठविल्या. त्याच्या आग्रहानें तो मुलूख एकदां डोळ्यांनीं पाहण्याचाही योग आला. मात्र माझ्या गुडघ्यांची धाव विंडरमीर गांवामागच्या ऑरेस्ट हेड नांवाच्या टेकडीपलीकडे गेली नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवलेलें बरें. ग्रंथांत वर्णिलेल्या २१४ शिखरांपैकीं एकावरही मी चढलेलों नाहीं. जें लिहितों तें पानांवरून लिहितों.

लेक डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरोवरांचा प्रांत, इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यांत आहे. तेथील डोंगर उंचीनें मोठे नव्हेत. सर्वांत उंच स्कॅफेल पाइक, तो ९७८ मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर आहे. परंतु थोड्या जागेंत कडे, खिंडी, सरोवरें व हिरवीं खोरीं इतकीं दाटलीं आहेत कीं पाहणाराची नजर ठरत नाहीं. डोंगरास तिकडे फेल म्हणतात, ओढ्यास बेक, डोंगरावरील तळ्यास टार्न. हे शब्द सुमारें हजार वर्षांपूर्वीं समुद्रमार्गानें आलेल्या नॉर्स वसाहतकारांचे. राज्यें गेलीं, भाषा बदलली, पण ओढ्याचें नांव ओढ्यापाशींच राहिलें. घाटमाथ्यावरच्या नांवांचा ज्यानें कधीं विचार केला आहे त्याला हें नवल वाटणार नाहीं.

या प्रांताविषयीं मार्गदर्शिका लिहिण्याची परंपरा जुनी आहे. टॉमस वेस्ट यांची १७७८ सालीं निघाली. सरोवराची शोभा पाहण्यास कोठें उभें राहावें, त्या जागा त्यांनीं नेमून दिल्या आहेत. जणूं तीर्थयात्रेंतील स्नानाचे घाटच! त्या काळचे कांहीं शौकीन तर त्या जागीं जाऊन देखाव्याकडे पाठ करीत व काळसर बहिर्गोल आरशांत त्याचें प्रतिबिंब पाहत. कवि वर्ड्‌स्वर्थ यांची मार्गदर्शिका प्रथम १८१० सालीं दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाची प्रस्तावना म्हणून, आणि तीही निनांवी, प्रसिद्ध झाली. पुढें स्वतः कवीनें ती वेळोवेळीं वाढवून १८३५ सालीं केंडल येथें पांचवी आवृत्ति छापविली. ज्या कवीच्या लेखणीनें प्रवाशांस बोलावलें, त्यानेंच १८४४ सालीं त्या प्रवाशांस आणणाऱ्या आगगाडीविरुद्ध वर्तमानपत्रांत पत्रें लिहिलीं. गाडी १८४७ त आलीच. केझिकचे घड्याळजी जोनाथन ऑटली यांचें १८२३ चें पुस्तक व बॅडली यांचें १८८० चें, हीं या परंपरेंतील आणखी दोन ठळक नांवें. या सर्वांत एक गोष्ट समान आहे : लेखक सांगतो, आणि खिळे जुळविणारा तें छापतो. दोघांमध्यें एक परका हात असतोच.

तो परका हात वेनराइट यांनीं काढून टाकला. आल्फ्रेड वेनराइट यांचा जन्म १७ जानेवारी १९०७ रोजीं ब्लॅकबर्न या गिरणगांवांत झाला. बाप पाथरवट, घरीं दारिद्र्य. तेराव्या वर्षीं शाळा सुटली आणि नगरपालिकेच्या कचेरींत पोऱ्याची नोकरी धरली. पुढें अभ्यास करून ते हिशेबनीस झाले. १९३० सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, सुटीसाठीं विंडरमीरला आले व प्रथम त्या ऑरेस्ट हेडवर चढले, जेथें माझी चढण संपली. तेथून त्यांची सुरू झाली. त्या डोंगरांजवळ राहावयास मिळावें म्हणून १९४१ त त्यांनीं केंडलच्या नगरपालिकेंत कमी पगाराची नोकरी पत्करली. १९४८ त ते तेथील खजिनदार झाले व १९६७ पर्यंत त्या पदावर होते. हा तपशील केवळ चरित्राचा नव्हे. हे सात भाग म्हणजे खजिनदाराची खतावणीच आहे. प्रत्येक शिखराचें खातें निराळें, जमेच्या बाजूस वाटा, आणि ज्या वाटेनें स्वतःचा पाय गेला नाहीं ती जमेस धरावयाची नाहीं.

९ नोव्हेंबर १९५२ रोजीं त्यांनीं पहिलें पान लिहिलें. तें डव्ह क्रॅग या डोंगराच्या चढणीचें होतें. कचेरी सुटल्यावर संध्याकाळीं लेखन, आणि सुटीच्या दिवशीं उतारूंच्या मोटारीनें डोंगराच्या पायथ्याशीं जाऊन एकट्यानें चालणें, हा क्रम सुमारें तेरा वर्षें चालला. स्वतःची मोटार नव्हती. ती चालवितांही येत नव्हती. पण मला सर्वांत विलक्षण वाटली ती पुढील गोष्ट. सुमारें शंभर पानें लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षांत आलें कीं आपल्या ओळींचे उजवे शेवट एका रेषेंत येत नाहींत. मजकुरांत चूक नव्हती, नकाशांत नव्हती. त्यांनीं तीं सगळीं पानें बाजूस टाकलीं व आरंभापासून पुन्हा लिहावयास घेतलें. आपल्याकडील लेखक ओळ अपुरी पडली तर शेवटीं एकदोन उभ्या रेघा ओढून समास राखतात, हें पोथ्या हाताळणारास माहीत आहे. वेनराइट यांनीं ती पळवाटही घेतली नाहीं; शब्दांमधील अंतर असें बेतलें कीं ओळ आपोआप काठाला लागावी. ज्याला हस्ताक्षराचें एवढें महत्त्व वाटलें, त्याचें अक्षर त्याच्या ग्रंथाचा अर्थच आहे, वेष्टन नव्हे. पुढील विवेचनास हा मुद्दा लागणार आहे, म्हणून वाचकांनीं तो लक्षांत ठेवावा.

पहिल्या भागावर प्रकाशक म्हणून केंडलचे ग्रंथपाल हेन्री मार्शल यांचें नांव होतें, परंतु भार वस्तुतः ग्रंथकाराचाच. १९६३ पासून वेस्टमोरलंड गॅझेट या वर्तमानपत्राच्या चालकांनीं प्रकाशन अंगावर घेतलें.

आतां ग्रंथाच्या रचनेकडे वळूं. प्रत्येक भाग प्रांताच्या एकेका विभागाचा : पूर्वेकडील डोंगर, अतिपूर्वेकडील, मधले, दक्षिणेकडील, उत्तरेकडील, वायव्येचे व पश्चिमेचे. भागाच्या पोटांत शिखरें वर्णानुक्रमानें येतात, आणि पृष्ठांक सलग नसून प्रत्येक शिखराचे निराळे आहेत. पानाच्या माथ्यावर शिखराचें नांव व त्या प्रकरणांतील पानाचा आंकडा. आपल्या पोथ्यांच्या समासांत ग्रंथनामाचें संक्षिप्त अक्षर व पत्रांक असतो, त्याची येथें आठवण होते. प्रकरणाच्या आंत प्रथम डोंगराचें स्वरूप, मग नकाशा, चढणी, माथा, माथ्यावरून चौफेर दिसणारा देखावा, आणि शेवटीं धारेधारेनें शेजारच्या शिखराकडे जाणाऱ्या वाटा, असा क्रम आहे.

यांतील चढणीचीं पानें अपूर्व आहेत. पानाच्या तळाशीं जें आहे तें सरळ नकाशा आहे : गांव, पूल, कुंपणाची भिंत, सर्व वरून पाहिल्यासारखें. नजर वर चढूं लागली कीं तोच नकाशा हळूहळू उठून उभा राहतो आणि पानाच्या माथ्याशीं पोहोंचेपर्यंत त्याचें चित्र झालेलें असतें. कडा समोर, वाट त्याच्या अंगावर. नकाशा कोठें संपला व चित्र कोठें सुरू झालें, तें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. भूमितीच्या नियमानें पाहिलें तर ही लबाडी आहे. परंतु पायथ्याशीं उभ्या असलेल्या माणसाला पायाखालची जमीन वरून दिसते व समोरचा डोंगर समोरून दिसतो, हें खरें आहे. म्हणून ही लबाडी त्याच्या डोळ्यांशीं प्रामाणिक आहे. मोडी कागदांबरोबर कधीं कधीं मिळणारे आपले जुने नकाशे पाहतांना हेंच आढळतें. नदी आडवी पसरलेली, आणि तिच्या कांठचा किल्ला व झाडें उभीं. त्या नकाशांस अडाणी म्हणण्याची जी रीत पडली आहे ती, हे भाग पाहिल्यावर, मला तरी सोडून द्यावीशी वाटते.

दोष आहेत, तेही सांगितले पाहिजेत. वर्णानुक्रम ही कोशाची शिस्त आहे, प्रवासाची नव्हे. एकाच धारेवरचीं दोन शेजारचीं शिखरें केवळ आद्याक्षरामुळें ग्रंथाच्या दोन टोकांस जातात, व वाचणाऱ्याला पानें मागें-पुढें उलटीत बसावें लागतें. शेवटच्या धारवाटांनीं ही तूट थोडी भरून निघते, पण पुरती नाहीं. दुसरें असें कीं या डोंगरांत माणसें क्वचितच दिसतात. मेंढपाळांनीं शतकानुशतकें चराई करून ज्या उतारांस आजचें रूप दिलें, त्यांत मेंढपाळाला जागा थोडी. ग्रंथकार एकलकोंडा होता व त्याला एकांत हवा होता. तो त्यानें चित्रांतही करून घेतला आहे. नांवांच्या व्युत्पत्तीकडेही त्याचें लक्ष बेताचेंच.

अर्पणपत्रिकांवरून मात्र हा गृहस्थ कळतो. पहिला भाग त्यानें सरकारी मोजणीखात्याच्या मोजणीदारांना अर्पण केला आहे, दुसरा डोंगरांवर दगडी भिंती रचणाऱ्या गवंड्यांना, तिसरा तेथील कुत्र्यांना, चौथा मेंढ्यांना, पांचवा एकट्यानें भटकणारांना, सहावा स्वतःच्या दोन पायांना, आणि सातवा साह्य करणाऱ्या सर्वांना. मोजणीदारापासून मंगलाचरण करणारा ग्रंथकार मला तरी दुसरा माहीत नाहीं. पाथरवटाच्या मुलानें दुसरा भाग भिंती रचणारांस द्यावा, हेंही उचितच.

इतिहाससंशोधकाच्या उपयोगाचा मजकूरही येथें आहे. दुसऱ्या भागांत हाय स्ट्रीट नांवाचा ८२८ मीटर उंचीचा डोंगर येतो. डोंगराला राजरस्त्याचें नांव कां, असें वाटेल. तर त्याच्या धारेवरून रोमन लोकांचा रस्ता गेला होता, त्यावरून तें पडलें. त्याच डोंगराच्या पूर्वेस मार्डेल नांवाचें खोरें होतें. मँचेस्टर शहराला पाणी पाहिजे म्हणून १९३० नंतरच्या दशकांत हॉजवॉटर सरोवराला धरण घालून तें गांव बुडविलें. वेनराइट यांनीं त्याचा विषाद मानला आहे. ज्यांनीं मुळशीची हकीकत वाचली आहे त्यांना या पानांपाशीं थांबावेंसें वाटेल.

एवढें ग्रंथाविषयीं. आतां त्याच्या पाठाविषयीं.

डोंगर स्थिर असतात असें कवि म्हणतात. मार्गदर्शिका लिहिणारा तसें म्हणूं शकत नाहीं. भिंत ढांसळते, फाटकाच्या जागीं शिडी येते, वाटेवरून हजारों पाय गेले कीं तिची घळ होते आणि लोक शेजारून दुसरी वाट पाडतात. चौथ्या भागांतील स्कॅफेलच्या कड्याखालची लॉर्ड्‌स रेक नांवाची चिंचोळी घळ या शतकाच्या आरंभीं दरड कोसळून धोक्याची झाली. वाट चिखलाची होण्यास खुद्द या ग्रंथाची लोकप्रियताही कारण झाली, कारण लाखों प्रती खपल्या, आणि २१४ शिखरें पुरीं करण्याचा अनेकांनीं नेमच धरला. परगणेसुद्धां राहिले नाहींत. राइनोज खिंडींत कंबरलंड, वेस्टमोरलंड व लँकेशायर या तीन परगण्यांच्या सीमेचा दगड आहे. १९७४ सालीं सरकारनें ते भाग एकवटून कंब्रिया नांवाचा एक परगणा केला. दगड मात्र होता तेथेंच होता.

तेव्हां शोधाची गरज होती, यांत वाद नाहीं. वेनराइट यांनीं आपल्या हयातींत शोधित आवृत्तीस संमति दिली नाहीं. आपल्यामागें ती झाली तर ख्रिस जेस्टी यांनीं करावी असें मात्र त्यांनीं मान्य केलें होतें. २० जानेवारी १९९१ रोजीं ते वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांची रक्षा हेस्टॅक्स या त्यांच्या आवडत्या डोंगरावर, इनॉमिनेट टार्न नांवाच्या तळ्याकांठीं, विखुरण्यांत आली. जेस्टी हे नकाशे काढण्यांत कसलेले गृहस्थ. त्यांनीं सर्व वाटा पुन्हा तुडविल्या आणि २००५ पासून २००९ पर्यंत सातही भागांची दुसरी आवृत्ति सिद्ध केली. वाटांचें वर्णन असलेल्या बहुतेक प्रत्येक पानावर कांहींना कांहीं दुरुस्ती आहे : कोठें वाटेची रेषा हलविली आहे, कोठें फाटक व शिडी दुरुस्त केली आहे, कोठें मोटार उभी करण्याची जागा सांगितली आहे. ग्रंथकाराचे प्रत्येक भागाच्या शेवटचे वैयक्तिक उद्गार, म्हणजे आपल्या भाषेंत पुष्पिका, त्यांनीं जशाच्या तशा ठेवल्या. हा त्यांचा विवेक स्तुत्य आहे. त्यांच्या श्रमांविषयींही माझ्या मनांत आदरच आहे. माझ्यासारख्या टेकडीवरून परतलेल्या माणसानें तो दाखविणें हेंच शोभतें.

दोन गोष्टींचा मात्र निराळा विचार केला पाहिजे. नव्या आवृत्तींत मुख्य वाटा तांबड्या रेघेनें दाखविल्या आहेत. जुन्या भागांत सर्व कांहीं काळ्या शाईचें होतें, म्हणून कित्येक जुन्या भक्तांस हा तांबडा रंग खटकणें स्वाभाविक आहे. मला तो मुळींच खटकत नाहीं. आपल्या पोथ्यांत गेरूनें केलेल्या खुणा असतात. तो गेरू मुळांतला नव्हे हें कोणालाही दिसतें, आणि त्यामुळेंच तो निरुपद्रवी असतो. तांबडी रेघ वाचकाला सांगते कीं मी मागाहून आलें आहें.

परंतु मजकुरांतील दुरुस्त्या वेनराइट यांच्याच हस्ताक्षराची नक्कल करून घातल्या आहेत. हेतु असा कीं पानाची शोभा बिघडूं नये व नवा मजकूर डोळ्यांत भरूं नये. नक्कल इतकी बेमालूम साधली आहे कीं मीं दोन्ही आवृत्त्या शेजारीं ठेवून, भिंग लावून, एक एक पान ताडून पाहिलें, तरी जुनी प्रत मिटल्यावर नव्या प्रतींत हात कोठें बदलला तें मला ओळखतां येईना. पन्नास वर्षें पोथ्यांतील हात ओळखण्याचा धंदा केलेल्या माणसाची ही कबुली आहे.

चूक पुसावयाची तर आपला लेखक तिच्यावर हरताळ फांसतो. अक्षर जातें, पण पिवळा डाग राहतो. येथें कांहीं होतें, तें कोणीतरी काढलें, अशी तो साक्ष देतो. गळलेलें अक्षर घालावयाचें तर ओळींत काकपद करून समासांत अक्षर लिहितो. शोधकाचा हात मूळ हातापासून वेगळा दिसतो म्हणूनच पाठचिकित्सा शक्य होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत संपादकांनीं, ज्या पाठाविषयीं पुरती खात्री नाहीं, त्याखालीं नागमोडी रेघ घातली आहे व पाठभेद तळटीपेंत दिले आहेत. एवढ्या अवाढव्य ग्रंथांत ज्यांनीं एक अक्षर चोरून बदललें नाहीं, त्यांच्या शिस्तीपुढें वेनराइटच्या नव्या आवृत्तीची ही सफाई मला भीतिदायक वाटते. त्यांत हरताळाचा डागही नाहीं.

कोणी म्हणेल कीं धुक्यांत सांपडलेल्या माणसाला पाठभेद काय करावयाचे? त्याला शिडी कोठें आहे तें कळलें पाहिजे. हा आक्षेप खरा आहे, आणि तो मी हलका लेखीत नाहीं. डोंगरावरची चूक जिवावर बेतूं शकते. आमच्या चुका कोणाच्या जिवावर बेतत नाहींत. पण शिडी दाखविण्यास वेनराइटचें अक्षर कशाला हवें? ती जेस्टी यांच्या अक्षरांतही तेवढीच भक्कम राहिली असती. तांबडी शाई छापखान्यांत होतीच.

मला हा विषय इतका कां लागला, त्याचें कारण सांगितल्याशिवाय हा आक्षेप प्रामाणिक होणार नाहीं. माझ्या उमेदीच्या काळांत एका घराण्याच्या दप्तरांत मला एका यात्रेकरूच्या मुक्कामांची यादी मिळाली होती. देशावरून घाट उतरून कोंकणांत जातांना कोठें पाणी, कोठें वस्ती, किती कोस, असा साधा मजकूर. म्हणाल तर मार्गदर्शिकाच. घाटाच्या मध्यावर एक नांव असें होतें कीं तें कोणत्याही गांवाशीं जुळेना. लेखकाचा हस्तदोष समजून मीं नक्कल करतांना त्याच्या जागीं पायथ्याच्या गांवाचें नांव घातलें. टीप दिली नाहीं. माझें अक्षर वळणदार, नक्कल स्वच्छ. ती एका नियतकालिकांत छापूनही आली. बारा-तेरा वर्षांनीं त्या घाटानें पायीं उतरतांना एका धनगराच्या मुलानें मधल्या खडकांतील टांक्यावर नेलें व त्याचें नांव सांगितलें. तें गांव नव्हतेंच, टांकें होतें; आणि नांव ऐकतांच मला तो जुना कागद आठवला. घराण्याकडे धांवलों तों दप्तराची वाळवीनें माती केलेली. कागदावर नेमकीं कोणतीं अक्षरें होतीं, तें आतां मलाच छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं. मुलानें उच्चारलेलें नांव व माझी आठवण यांत एका अक्षराचा फरक पडतो, आणि तो फरक उच्चाराचा, मूळ लेखकाचा कीं माझ्या आठवणीचा, याचा निर्णय करण्याचें साधन मींच नाहींसें केलें. नक्कल करतांना नुसतें काकपद घातलें असतें तरी पुरलें असतें.

वेनराइट यांच्या ग्रंथावर असा प्रसंग आलेला नाहीं, हें सुदैव. २००५ सालींच पन्नासाव्या वर्षाच्या निमित्तानें मूळ स्वरूपांतील भागही पुन्हा छापले गेले, आणि जुन्या प्रती इतक्या खपल्या आहेत कीं त्या वाळवीला पुरून उरतील. २०१५ ते २०२० या काळांत क्लाइव्ह हचबी यांनीं तिसरी आवृत्ति काढली. म्हणजे आतां एकाच ग्रंथाच्या तीन परंपरा झाल्या. अशा वेळीं कोणती प्रत कोणत्या कुळांतली हें नुसत्या अक्षरावरून कळणार नाहीं, तें आवृत्तीचें पान पाहूनच कळेल. आणि जुन्या पुस्तकांचें तेंच पान सर्वांत आधीं फाटतें.

सुधारणारा नेहमीं चांगल्या हेतूनेंच सुधारतो. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं केलें नसतें तर तें पुस्तक कोणास ठाऊक कधीं उजेडांत आलें असतें. परंतु भाषा व मजकूर यांवर त्यांनीं आपला हात फिरविला, आणि दत्तो वामन पोतदार यांनीं मूळ हस्तलिखितावरून आवृत्ति काढीपर्यंत वाचक गोडसेभटजींना वैद्यांच्या आवाजांत ऐकत राहिले. पोतदारांची ती आवृत्ति १९६६ ची. महाभारताची चिकित्सित आवृत्ति पुरी झाली तीही १९६६ सालींच, आणि वेनराइट यांचा सातवा भागही त्याच सालचा. योगायोगाला अर्थ नसतो हें जाणून मी ही नोंद करतों.

वर उल्लेखिलेल्या परगण्यांचेंही पुढें काय झालें तें पाहावें. २०२३ सालीं कंब्रियाची पुन्हा वांटणी होऊन कंबरलंड आणि वेस्टमोरलंड व फर्नेस अशीं दोन नवीं शासनक्षेत्रें झालीं. जुनीं नांवें कालबाह्य म्हणून कोणी वेनराइटच्या अक्षरांत पुसलीं असतीं, तर पन्नास वर्षांच्या आंत तीं पुन्हा त्याच्याच अक्षरांत लिहावीं लागलीं असतीं!

आमच्या संग्राहक मित्रांपैकीं ज्यांचे आप्त तिकडे असतील त्यांनीं या ग्रंथाचे १९५५ ते १९६६ मधील जुने छाप मिळाल्यास अवश्य घ्यावे, आणि मागील मालकाच्या खुणा असलेली प्रत खराब समजून सोडूं नये. माझ्याकडील दुसऱ्या भागाच्या एका पानावर, धारेवरच्या भिंतीशेजारीं, कोणीतरी पेन्सिलीनें एक बाण काढून तिरप्या अक्षरांत लिहिलें आहे कीं येथें फाटक नाहीं, आणि खालीं ऑगस्ट १९७१ अशी मिति घातली आहे. पानाच्या कोपऱ्याला पावसाचा डाग आहे. तें अक्षर वेनराइट यांचें नव्हे हें पाहतांक्षणीं कळतें. तो भाग व त्याची नवी आवृत्ति, दोन्ही एकत्र बांधून, मंडळाच्या संग्रहास देण्याचें मीं योजिलें आहे.